शेंदराखालची शिवी

“सर, त्या दगडावरचं गाढव नक्की काय करतंय?”

मी एवढं विचारलं आणि चिंचेखाली उभा असलेला नववीचा अख्खा वर्ग गर्रकन माझ्याकडे वळला. लोखंडे मॅडम दबक्या आवाजात ओरडल्या, “कस्तुरी, खाली बस!” खरं तर आम्ही सगळेच उभे होतो, पण मॅडमना त्या घाईत तेवढंच सुचलं.

ही पैज होती. रुबिना आणि हर्षदाने सकाळी सायकलवरूनच माझ्यामागे लावलेली. “लई मोठी वक्ता झालीस ना तालुक्याला जाऊन? मग विचारून दाखव पुरातत्त्वाच्या साहेबाला, गाढवाचं!” महिन्यापूर्वी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. त्याआधी मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. नंबर आला आणि माझ्या तोंडाचं कुलूपच कुठेतरी पडलं, असं आई म्हणायची. आज मी बारावीला आहे, ते कुलूप अजून सापडलेलं नाही.

गाढवाचं प्रकरण असं की, आमच्या सावरतळे गावात वेशीजवळ म्हसोबाचं ठाणं होतं. कमरेएवढा उंच म्हसोबा, लालभडक, चांदीच्या डोळ्यांचा. गुरवांच्या घरातलं कुणी ना कुणी दर अमावास्येला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचं. कुणाच्या आज्यालाही सुरुवात आठवत नव्हती इतकी जुनी ती चाल. थरावर थर चढून म्हसोबा इतका गुटगुटीत झाला होता, की त्याला आकारच उरला नव्हता. त्या वर्षी जत्रेआधी पप्पांनी ठरवलं, ठाणं चकाचक करायचं. मागेच आमची पोल्ट्री होती. तिथलं शेड धुवायचं प्रेशरचं मशीन त्यांनी पोरांना दिलं. पोरांनी चौथरा धुतला, पायऱ्या धुतल्या, आणि उत्साहाच्या भरात एकाने ती धार थेट देवावर सोडली. शेंदराचं कवच फणसाच्या सालीसारखं सुटलं आणि अखंडच्या अखंड खाली आलं.

आत देव नव्हता. चपटा, काळा, उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य. मधे झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. आणि खाली एक बाई आणि एक गाढव. त्यापुढचं मी लिहीत नाही. भांडण जुंपलं की आईवरून जी शिवी पहिल्यांदा सुटते, तीच कुणीतरी छिन्नीने कोरून ठेवली होती, एवढंच सांगते.

पोरं मशीन तिथंच टाकून पळाली. दाजी गुरव मटकन चौथऱ्यावर बसले. आणि संध्याकाळ व्हायच्या आत दगडावर पोतं चढलं.

आमच्या हेडसरांनी पुरातत्त्वच्या ऑफिसला फोन केला म्हणून सपकाळ सर बघायला आले. इतिहासाचा तास म्हणून आम्हालाही नेलं. पण मॅडमची सक्त ताकीद होती: मुलींनी मागे थांबायचं आणि पोतं फक्त हातभर खाली सरकवायचं, चंद्र-सूर्य दिसण्यापुरतं. म्हणजे ज्याच्यावर सगळं गाव कुजबुजत होतं, ते सोडून बाकी सगळं आम्हाला दाखवणार होते.

सपकाळ सरांनी माझ्याकडे बघितलं. बाटलीतलं पाणी प्यायले. मग पुढे होऊन त्यांनी पोतं सरळ काढून घेतलं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

“नाव काय तुझं?”

“कस्तुरी गुंजाळ.”

“कस्तुरी, हा शाप आहे. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. सात-आठशे वर्षांपूर्वी कुणा राजाने इथे काहीतरी दान दिलं. जमीन, तळं, कायसं. आणि खाली लिहून ठेवलं, की हे दान जो मोडेल, बळकावेल, त्याला ही शिवी.”

“त्याला कुठे? त्याच्या आईला आहे.”

मागे हर्षदा फिस्सकन हसली. सर नाही हसले. “तेव्हाही शिव्या आईवरूनच द्यायचे, बाळा.”

“पण एवढी घाण शिवी राजाने कशाला द्यायची? त्याच्याकडे तर शिपाई असतील.”

“शिपाई किती गावांत उभे करणार? जिथे शिपाई पोचत नव्हता, तिथे शिवी उभी केली. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल अशी. हा चंद्र, हा सूर्य. म्हणजे जोवर हे दोघं आहेत तोवर कायदा लागू.” त्यांनी बोट अक्षरांवरून फिरवलं, पण अलगद, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं. “मला यात ‘तळें’ एवढंच लागतंय. बाकी ठसा घेऊन बघावं लागेल. तुमचं तळं कुठंय?”

“ते काय, तिकडं,” रुबिना म्हणाली.

सरांनी मान उंचावून बघितलं. “बरंच लांब आहे की,” म्हणाले, आणि फोटो काढायला लागले.

माझी पैज जिंकून झाली होती. पण कुलूप पडलेलं ना! “सर, मग आता याला कुणी हात लावला तर पोलीस पकडणार?”

“संरक्षित स्मारकांच्या यादीत असता, तर पकडले असते. हा यादीत नाही. मी अहवाल पाठवतो, पण त्याला वेळ लागतो. तोवर गाव राखेल तर राहील. ग्रामसभेने ठराव केला, की हा आमचा ठेवा आहे, इथून हलवायचा नाही, तर माझ्या अहवालालाही जोर येईल.”

“आणि तोवर फोडला तर?”

“तर माझ्याकडे फोटो राहील,” सर म्हणाले.

परतीच्या वाटेवर रुबिनाने मला कडकडून मिठी मारली. “काय हिंमत गं तुझी! अम्मी म्हणते, या दगडाकडे बघितलं तरी आंघोळ करावी लागेल.” मी मात्र हवेत होते. आमच्या गावाला सात-आठशे वर्षांपूर्वीचा कायदा होता, दगडातला, अजून उभा! कुणाच्या गावात आहे असं? घरी जाऊन आईला कधी सांगते असं झालं होतं मला. कारण ठराव करणार ग्रामसभा, आणि आमच्या गावची सरपंच होती माझी आई.

म्हणजे कागदावर. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून पप्पांनी आईला उभं केलं होतं. सभेत बोलायचे पप्पा, सही करायची आई. गावात लोक पप्पांनाच सरपंच म्हणत आणि आईला वहिनी.

मी घरात शिरले तेव्हा आई कणीक मळत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. राजा, दान, शाप, चंद्र, सूर्य. आई मळतच राहिली. शेवटी मी म्हणाले, “रविवारी ग्रामसभा आहे ना? ठराव करायचा, आई. दगड आपला ठेवा आहे म्हणून.”

“ठराव होणार आहे,” आई म्हणाली. “नव्या कमानीच्या पायात तो दगड घालायचा. विलासभाऊंनी सुचवलंय, तुझ्या पप्पांनी हो म्हटलंय. वरून सिमेंट पडलं की विषय संपला.”

विलासकाका म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष. वेशीवरची ती कमान त्यांच्याच हौसेची.

“आई! अगं, असं कसं?”

“कसं म्हणजे?” तिने कणकेवर मूठ आपटली. “तुला काय जातंय विचारायला? साहेबाला सगळ्या पोरांसमोर विचारलंस म्हणे. कळलं मला, तुझ्या आधी बातमी घरी पोचली. आणि मला काय ऐकावं लागतंय ते ठाऊक आहे? काल डेअरीवर, चारचौघांत, विलासभाऊ म्हणाले, बाई सरपंच झाली आणि म्हसोबानं कपडे काढले. सगळे हसले, कस्तुरे. तुझे पप्पापण हसले.”

मी पिठाचा डबा तिच्याजवळ सरकवला.

“जाऊ दे तो दगड पायात,” आई हळूच म्हणाली. “मला डोळ्यांसमोर नको.”

रविवारी मी ग्रामसभेला गेले. मत नव्हतं मला, पण बसायला कुणाची मनाई? समाजमंदिरात पुढे पुरुष, मागे भिंतीला धरून बायका. रुबिनाची अम्मी, हर्षदाची काकी, सगळ्या. समोर टेबल, मधल्या खुर्चीवर आई, डोक्यावर पदर. माइक मात्र पप्पांच्या हातात.

विलासकाका उठले. “मंडळी, विषय नाजूक आहे. आयाबहिणी बसल्यात म्हणून जास्त बोलत नाही. जत्रेला आसपासची दहा गावं येणार. पाहुणेरावळे येणार. त्यांना वेशीवर हे असलं दाखवायचं का? कमानीचा खड्डा तयार आहे. उद्या जेसीबी लावू, दगड आत, वर काँक्रीट. म्हसोबाची नवी मूर्ती माझ्यातर्फे.”

“बरोबर आहे!” दोन-चार आवाज आले.

“दाजींचं काय म्हणणं?” कुणीतरी विचारलं.

दाजी गुरव कोपऱ्यात बसले होते. त्या दिवसापासून ते कुणाशी बोललेच नव्हते. गावातली पोरं त्यांना ‘गाढवाचा पुजारी’ म्हणून चिडवत होती. ते उठले आणि म्हणाले, “माझ्या बापानं, आज्यानं देव म्हणूनच लावला शेंदूर. आत काय आहे आम्हाला काय ठावं? मी काय सांगू? तुम्ही कराल ते.”

“झालं तर मग,” पप्पा म्हणाले. “हात वर करा.”

“मला एक विचारायचंय,” मी म्हणाले.

पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “कस्तुरी, घरी जा.”

“एकच प्रश्न, पप्पा.”

“अहो, विचारू दे की पोरीला,” मागून रुबिनाची अम्मी म्हणाली. “साहेबाला विचारलं तर तुम्हाला विचारायला काय झालं?” बायकांत खसखस पिकली. विलासकाकांनाही तोंडदेखलं हसावं लागलं. “विचार बाई. वक्ता आहे आपल्या गावची.”

मी पुढे गेले. “हा दगड म्हणजे शिवी आहे, हे सगळ्यांना कळलंय. पण शिवी कुणाला आहे? गावाला नाही. सपकाळ सर म्हणाले, राजाने इथलं तळं दान दिलं असणार, सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून. आणि जो ते बळकावेल त्याला शिवी. मग आपल्याला कशाची लाज? शेतात बुजगावणं असतं, त्याला कधी ज्वारी घाबरते का?”

आता खरंच हसले लोक. मला चेव आला. “हा आपला राखणदार आहे, काका! राखणदाराला खड्ड्यात कोण घालतं?”

“तळ्याचा राखणदार?” विलासकाका म्हणाले. “अगं, तळं कुठं, दगड कुठं! उगाच साहेबानं काहीतरी सांगितलं आणि पोरीनं डोक्यात घेतलं.”

“असं नाही हां, विलास.” हे दाजी गुरव होते. इतका वेळ खाली बघणारे दाजी आता ताठ उभे होते. “मी लहान असताना दगडाला पाणी लागायचं. पावसाळ्यात तर चौथऱ्याची खालची पायरी बुडायची. आम्ही शेंदूर लावायला गेलो की पाय धुवूनच परत यायचो.”

“बघा!” मी टाळीच वाजवली. “म्हणजे दगड हद्दीवरच होता! मग आता दगड आणि पाण्याच्या मधे...”

आणि मी थांबले.

कारण मधे काय आहे, ते मला रोज दिसत होतं. सकाळी मी तिथूनच अंड्यांचे ट्रे उचलायचे. मी सात वर्षांची असताना ट्रकच्या ट्रक मुरूम पडलेला मला आठवत होता. त्या ढिगावर मी आणि हर्षदा घसरगुंडी खेळलो होतो. मला वाटायचं पप्पांनी आमच्यासाठीच आणलाय.

पुढचे पुरुष पप्पांकडे बघत नव्हते, आणि ते न बघणं अगदी मुद्दामचं होतं. तेव्हा मला कळलं, की ही गोष्ट या खोलीत फक्त मलाच नवीन होती. विलासकाका खिडकीबाहेर बघत होते. तिथून त्यांची कमान दिसत होती, आणि कमानीचा खड्डाही त्याच मुरमात खणलेला होता.

पप्पांनी माइक टेबलावर ठेवला. “झालं तुझं?” ते म्हणाले. ओरडून नाही. अगदी हळू. “बस आता.”

मी त्यांच्याकडे बघितलं. माझे पप्पा. वक्तृत्वाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून माझ्याआधी टाळ्या वाजवणारे. वाटलं, बसावं. खाली बसायला किती सोपं असतं.

“मधे आमची शेड आहे,” मी म्हणाले. “आमची पोल्ट्री.”



पप्पा उठायला लागले. तेवढ्यात आईने टेबलावरचा माइक उचलला. तो तिने याआधी कधी हातात धरलेला नव्हता. उलटा धरला होता तो, तर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सरळ करून दिला.

“एक बोलते,” आई म्हणाली. माइक किंचाळला, ती दचकली, मग पुन्हा जवळ धरला. “त्या दगडाची सगळ्यात जास्त लाज मला वाटली. मीच म्हटलं, पायात घाला. दोन रात्री विचार करतेय, हा पहिला शेंदूर कुणी फासला असेल? मला वाटतं, कुणा बाईनंच. रोज पाण्याला जाताना बघवत नसेल तिला. तळं गिळणार बाप्या, आणि शिवी त्याच्या आईला. तिनं काय केलं होतं? तेव्हा तसंच, आता तसंच. त्या दिवशी डेअरीवर कपडे कुणाचे काढले? म्हसोबाचे नाही काढले, भाऊ. माझे काढले.”

विलासकाका चुळबुळले. “वहिनी, ते आपलं गमतीनं...”

“सरपंच म्हणा,” आई म्हणाली. “सभा चालू आहे.”

मागे भिंतीजवळ कुणीतरी “वाह!” म्हणालं. अम्मीच असणार.

“तिनं झाकलं, तिचं बरोबर होतं. तिला दुसरं काय करता येत होतं? मला येतंय.” आई भाऊसाहेबांकडे वळली. “लिहा. दगड आहे त्या जागी राहील. उघडा राहील. पुरातत्त्व खात्याला कळवायचं, की गावाचा ठराव आहे, यादीत घ्या. दुसरं लिहा. कमान बाजूला सरकवायची. तिसरं, तळ्याची सरकारी मोजणी मागवायची, आणि मोजणी पोल्ट्रीच्या बाजूनं सुरू करायची.”

“उज्ज्वला,” पप्पा म्हणाले, “आपली शेड आहे ती.”

“म्हणूनच आधी तिथून,” आई म्हणाली. “नाहीतर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?”

मग तिने पदर सावरला आणि विचारलं, “हात वर करा, कोण कोण बाजूने?”

आधी मागचे हात वर गेले. बांगड्या वाजल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग दाजी गुरवांचा. मग एकेक करून पुढचे. विलासकाकांनी हात वर केला नाही, पण विरोधालाही केला नाही. दाजी म्हणाले, “कवच मी जपून ठेवलंय. कवच देवाचं, दगड राजाचा. कवच देवळात नेऊन बसवतो, अमावास्येला शेंदूर तिथं लागेल.” या तोडग्यावर तर सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आईकडे बघत होते. भाऊसाहेबांनी कागद पुढे केला, तिने तो पहिल्यांदा पूर्ण वाचला, आणि मग सही केली. स्पर्धेत माझा नंबर पुकारला होता तेव्हासुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

आम्ही घरी आलो. पप्पा ओट्यावरच बसले. आईने चहा टाकला. पप्पांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत.

“मी एकट्यानं नाही भरलं तळं,” ते म्हणाले. “सगळेच थोडं थोडं सरकत होते. आपण नसतं केलं तर विलासनं केलं असतं.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “मीपण ट्रे उचललेच की इतकी वर्षं.”

“शेड वर घेऊ. माळावरच्या तुकड्यात.” ते स्वतःशीच हिशेब केल्यासारखं बोलत होते. मग एकदम माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. थकलेले होते. “पण जत्रा तर आठवड्यावर आली. दहा गावची माणसं त्या उघड्या दगडापाशी गर्दी करणार. विचारणार, हे काय, कुणासाठी, आत्ताच कसं निघालं. बोट आपल्या घराकडे येणार, कस्तुरे. कोण देणार उत्तरं?”

आईने माझ्याकडे बघितलं. मी कप खाली ठेवला.

“मी देणार,” मी म्हणाले. “जत्रेचे दोन्ही दिवस मी दगडापाशी उभी राहणार, पप्पा. पोतं नाही, पडदा नाही. येईल त्याला चंद्र-सूर्यापासून खालच्या बाईपर्यंत सगळं सांगणार. आणि कुणी विचारलं, शाप कुणाला आहे, तर सांगणार की आम्हाला होता, आमची शेड तळ्यात होती, आणि आमच्या सरपंचांनी ती काढायला लावली.”